अव्वाचं इष्टलिंग आणि माझा ब्लॉग

२४ जून

अनू झोपली. ब्लॉग एकदाचा सुरू केला. नाव ‘विभूती आणि दुधाची बाटली’. शिवानंदला (नवरा, वहीत शि. पुरे) सांगितलं तर म्हणाला, "दुकानाच्या पाटीगत वाटतंय." लक्ष्मीपुरीत धान्य विकणाऱ्या माणसाला सगळीकडं पाट्याच दिसणार.

पहिली पोस्ट टाकली. विषय : आईलाच देव नीट माहीत नसेल तर लेकीला काय शिकवायचं. लिहून मोकळं वाटलं. नोकरी सोडल्यापासून ‘पल्लवी, तुला काय वाटतं’ असं कुणी विचारलेलं नाही. ‘अनूनं खाल्लं का’ एवढंच सगळे विचारतात.

२७ जून

वाचक : एक मैत्रीण, एक मावसबहीण आणि मी स्वतः, पुन्हा पुन्हा.

शि. म्हणतो वाचलं. काय वाचलंस विचारलं तर, "छान हाय की." पैज लावते, उघडलंसुद्धा नाही.

अव्वा (सासूबाई, पण घरात आणि गल्लीत सगळ्यांच्याच अव्वा) भाजी निवडताना म्हणाल्या, "काय लिवतीस गं त्यात सारकं?" म्हटलं, घरातलं, देवाधर्माचं. "अय्यो, मग मला इचार की. तुला काय ठाव हाय त्यातलं?" हसत म्हणाल्या. खरंच आहे. माझं इष्टलिंग लग्नातल्या दागिन्यांबरोबर कपाटात आहे. गळ्यावर पुरळ उठतं हे कारण मी सासरी आल्या आल्या सांगितलं होतं. अव्वांनी तेव्हाही काही बोलून दाखवलं नाही.

२ जुलै

अव्वांची सकाळची पूजा. लिहून ठेवते, पोस्टला कामाला येईल.

आंघोळ, कपाळाला विभूतीचे पट्टे, हॉलच्या कोपऱ्यात पाट. गळ्यातली चांदीची डबी उघडायची, आतलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं. चमचाभर पाणी, विभूती, बेलाचं एक पान. मग नुसतं बघत बसायचं. हातावर पदर असतो. ते दुसऱ्याला दाखवायचं नसतं, ज्याचं त्यानं बघायचं. पाळण्यात असताना अय्यांनी, म्हणजे त्यांच्या घरच्या जंगम गुरूंनी, गळ्यात बांधलं तेव्हापासून तेच. माणूस गेलं की तेच हातात देऊन पुरतात.

अनू त्यांच्या समोर मांडी घालून बसते. दिवसभरात तेवढा वेळच ही पोरगी गप्प असते. काल बघितलं तर डाव्या तळहातावर शेंगदाणा ठेवून एकटक बघत होती. मग खाल्ला.

अव्वांना विचारलं, "तुमच्याबद्दल लिहू का?"

"लिव की. माझ्याबद्दल लिवण्यागत काय हाय?"

५ जुलै

अनूनं पूजेत अव्वांचा पदर ओढला. पदर सरकला, अव्वांचं लक्षच नव्हतं. खिडकीतनं ऊन येऊन बरोबर तळहातावर पडलेलं. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, हातात फोन. काढला.

काय फोटो आलाय! सुरकुतलेला हात, ओलं काळं लिंग, बेलाचं पान, कडेला अनूची बोटं. असा फोटो मला पुन्हा येणार नाही.

६ जुलै

पोस्ट टाकली. ‘अव्वांचा तळहात’. तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा रडले. स्वतःच्याच लिखाणावर रडणारी बाई.

९ जुलै

हे काय चाललंय!! पोस्ट आमच्या समाजाच्या कुठल्याशा ग्रुपवर गेली, तिथनं पुढच्या, तिथनं पुढच्या. इचलकरंजीला गेली, निपाणीला गेली, पुण्यातनं एका बाईंचा मेसेज, ‘माझी आई डोळ्यांपुढं उभी राहिली’. शि.ला दुकानात गिऱ्हाइकानं दाखवली. संध्याकाळी घरी आला तर चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी. "लई लोकं वाचाय लागल्यात की गं." कौतुक करायला याला गिऱ्हाईक लागतं!

आज साडी नेसले. उगीचच.

१२ जुलै

अव्वांना पोस्ट वाचून दाखवली. अनूची वेणी घालत ऐकत होत्या. "बरं लिवलंयस. पर मी एवढं बोलतो व्हय?"

मग फोटो दाखवला. चष्मा लावून बघितला. "हात केवढा म्हातारा दिसतोय माझा." नंतर बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आवडला.

"हे किती जणांनी बघितलं?"

मी आकडा सांगितला. चक्क अभिमानानं सांगितला. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि अर्धी राहिलेली वेणी सोडून आत गेल्या. मला वाटलं गॅसवर काहीतरी असेल.

१५ जुलै

वन्संचा इचलकरंजीहून फोन. सुनंदा वन्सं, शि.ची थोरली बहीण. आधी अनू, मग पाऊस, मग त्यांच्या कारखान्यातले कामगार कसे गावाला जाऊन बसलेत. मग आवाज खाली आणून, "पल्लवी, तू तो फोटू मोठा करून बघितलीस का?"

"नाही. का हो?"

"बघ एकदा."

बघितला. इष्टलिंगावरचा काळा थर एका कडेला नाही. टवका उडालाय आणि तिथनं खाली बारीक चीर गेलीय. मी हे बघितलं कसं नाही? एवढ्यांदा बघितला फोटो. मी ऊन बघत होते.

"भंगलंय ते," वन्सं म्हणाल्या. "आमच्या ग्रुपवर एका बाईनं गोल करून पाठवलंय. खाली लिवलंय, असल्याची पूजा करत्यात व्हय? अव्वाची पूजा, पल्लवी! अख्ख्या जन्मात एक दिवस चुकलेली न्हाय तिची."

फोटो काढून टाकला. काढून काय उपयोग. पोस्टखाली पण कुणीतरी हात जोडून लिहिलंय, ‘ताई, राग मानू नका, पण आजींच्या लिंगाकडं लक्ष द्या.’ सकाळपासनं तिथंच होतं. मी त्यावर बदाम दिला होता.

१७ जुलै

वन्सं आल्या. चहासुद्धा घेतला नाही. शि.ला दुकानातनं बोलावून घेतलं. मी अनूला काखेत घेऊन दारात उभी.

वन्सं, "अव्वा, तुझं लिंग भंगलंय. तुला दिसलं नसंल. डोळ्यांनी कमी दिसतंय न्हवं आता."

अव्वा, "मला ठाव हाय."

वन्संनी खुर्ची पुढं ओढली.

"कवापास्नं?"

"शिवाला दात येत हुते तवापास्नं."

मग सांगितलं. मला आठवतंय तसं लिहिते. तेव्हा सगळे गावाकडं, एकत्र घरात होते. शि. मांडीवर, अव्वा पूजेला बसलेल्या. त्यानं हातातनं ओढून घेतलं, तोंडात घातलं, काढून घेईपर्यंत शेजारच्या जात्यावर आपटलं. दोनदा.

"मग अय्यांना सांगायचंस की! त्यांनी दुसरं दिलं असतं."

"दिलं असतं. आणि इचारलं असतं, कुणी फोडलं. मी काय सांगणार हुतो? त्याच पावसाळ्यात तुजा काका गेला. पुढं दुकान बसलं. घरातल्या समद्यांनी म्हनलं असतं, ह्या पोरानं लिंग फोडलं म्हणून. जन्मभर पोराच्या माथी बसलं असतं ते. म्हणून मी कुणाला बोललो न्हाय. तुमच्या आप्पाला बी न्हाय. टवका तळहाताकडं करून धरायचा, झालं."

वन्सं रडायला लागल्या. शि. भिंतीकडं बघत होता. चाळिशीला आलेला माणूस, शंभर किलोचं पोतं पाठीवर घेणारा, आणि त्याचं तोंड अगदी अनूसारखं झालं होतं.

मी काय केलं हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. अव्वांनी एवढी वर्षं ज्यांच्यापासून लपवलं त्या सगळ्यांना मी ते दाखवून ठेवलं. आणि ज्याच्यासाठी लपवलं होतं त्यालाही.

१८ जुलै

 आज पहिल्यांदा शि.नं पोस्ट खरोखर वाचली, पहिल्या ओळीपासून. मी स्वयंपाकघरातनं बघत होते. वाचून फोन पालथा ठेवला.

"चांगलं लिवलंयस," म्हणाला. "पर फोटो कशाला पायजे हुता?"

उत्तर होतं, पण सांगण्यासारखं नाही. फोटोशिवाय कुणी थांबलं नसतं, म्हणून.

१९ जुलै

अव्वांनी आज पूजा आपल्या खोलीत केली. दार लावून. अनू दाराबाहेर बसली, मग दारावर थापा मारायला लागली. मी उचलून आणली तर माझ्या कानाखाली दिली एक. बरोबर आहे.

२२ जुलै

अय्या येऊन गेले. मला भीती होती ते ओरडतील. अजिबात नाही. उलट अव्वांच्याच पाया पडण्याच्या बेतात होते. म्हणाले, "अक्का, तुमच्या भक्तीत काय खोट न्हाय. पर रीत म्हणून दुसरं घेऊ. श्रावण लागला की पयल्या सोमवारी. जुनं पंचगंगेत सोडायचं."

वन्सं लगेच, "व्हय व्हय."

अव्वा म्हणाल्या, "मी ह्येच घिऊन जाणार म्हनलं हुतं."

अय्यांनी वन्संकडं बघितलं. मग त्याच म्हणाल्या, "तुमचं समाधान हुतंय न्हवं? मग आणा."

अय्या गेल्यावर मी त्यांच्या खोलीत गेले. म्हटलं, "अव्वा, नको असेल तर नको म्हणा. मी बोलते वन्संशी. मी अय्यांशीपण बोलते."

"आता समद्यांनी बघितलंय की. बघितलेलं न्हाय म्हणायला येत न्हाय." माझ्यावर चिडून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. भाकरी थापायला मदत हवी असावी तशा आवाजात म्हणाल्या.

‘माझं चुकलं’ म्हटलं. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. "तू काय करणार. तुला चांगलंच वाटलं हुतं." ह्यानं तर मी आणखीनच रडले.

२८ जुलै

पहिला श्रावण सोमवार. नवं आलं. तुळतुळीत, काळंभोर, कुठं डाग नाही. अय्यांनी मंत्र म्हणून तळहातावर ठेवलं. अव्वांनी डोळे मिटून घेतले, वन्सं म्हणाल्या भक्तीनं.

जुनं अव्वांनी डबीतल्याच मऊ झालेल्या पांढऱ्या कापडात बांधलं. गळ्यातल्या दोऱ्यासकट. शि.च्या हातात दिलं. "तूच सोड."

तो दुपारीच घाटावर गेला. आला तेव्हा पँट कमरेपर्यंत भिजलेली.

"पाणी किती हाय?" अव्वांनी विचारलं.

"लई हाय. पायऱ्या दिसत न्हाईत."

"सोडलास?"

"सोडलं."

अव्वा पाणी पिऊन आडव्या झाल्या. जेवल्या नाहीत. उपवास होताच म्हणा.

१ ऑगस्ट

ब्लॉगवर विचारताहेत, आजी कशा आहेत, पुढचं लिहा. एका बाईंना त्यांच्या मासिकात छापायचंय, फोटोसकट.

काय लिहू? आजी दहा मिनिटांत पूजा उरकून बाहेर येतात. पूर्वी दूध उतू जायचं तरी हलायच्या नाहीत.

आज दार उघडं होतं म्हणून अनू आत गेली, समोर बसली. अव्वांनी तळहाताकडं बघितलं, मग अनूकडं, मग खिडकीतनं बाहेर. पाटावरनं उठताना मला म्हणाल्या, "ह्याची नि माझी ओळख व्हायला येळ लागंल. तेवढा येळ हाय का बघायचं."

५ ऑगस्ट

पोस्ट काढून टाकली. सगळीच. त्या पोस्टमधली भाषा आठवली की तोंड लपवावंसं वाटतं. ‘श्रद्धा म्हणजे तळहातावर तोललेलं ऊन.’ बाई, ऊन नव्हतं ते. चीर होती. बाईनं पोराला सांभाळून घेतलेलं होतं ते.

आणि मला खरं लिहायला मिळालं असतं तर हेच लिहायला हवं होतं. ते आता लिहिता येत नाही.

१४ ऑगस्ट

तूरडाळ आणायला अनूला घेऊन दुकानात गेले. शि. पोत्यांच्या मागं गिऱ्हाइकाशी भावावरनं हुज्जत घालत होता. गल्ल्याच्या वर छोटा देव्हारा आहे, उदबत्ती विझली होती म्हणून लावायला गेले. तसबिरीच्या मागं पांढरं कापड. मऊ झालेलं. दोरा बाहेर लोंबतोय.

हात लावला नाही. लावायची लायकी नाही असं वाटलं.

शि. आला, बघितलं मी काय बघतेय ते. गिऱ्हाइकाला म्हणाला, "पावणं, जरा थांबा." मग मला, हळू आवाजात, "हात सुटला न्हाय माझा. कमरंएवढ्या पाण्यात जाऊन आलो. न्हाय सुटला."

"मग अव्वांना सोडलं म्हणून का सांगितलंस?"

"सुनंदाक्का काय गप बसली असती? ऱ्हाऊ दे हितं. शेवटाला तिच्या हातात देतो. तिनं ह्येच घिऊन जाणार म्हनलं हुतं, ऐकलीस न्हवं तू?"

"आणि तोपर्यंत?"

"तवर गप बसायचं. जमंल न्हवं तुला? का ह्याची बी पोस्ट?"

डाळ न घेताच आले. वाटेत अनू चॉकलेटसाठी रडली, मीपण.

१६ ऑगस्ट

रागावायचा हक्क मला नाही. तरी राग येतोय. दोघं मायलेक एकमेकांसाठी लपवाछपवी करतात आणि मधे मी. पण मीच मधे जाऊन उभी राहिले, फोन घेऊन.

अव्वांना सांगावं का? अजून आहे, दुकानात आहे, तसबिरीमागं. ऐकून त्यांचा चेहरा कसा होईल ते मी किती वेळा मनात बघितलं. मग वाटतं, सांगणं हे पण माझ्याच बरं वाटण्यासाठी असेल तर? मागच्या वेळी असंच झालं होतं.

२१ ऑगस्ट

आज अव्वा तापानं झोपून. डॉक्टर म्हणाले हवापाण्याचं आहे. शि. दुकान लवकर बंद करून आला आणि उशाशी बसला. शर्टाच्या खिशाला हात लावून बघत होता सारखा. म्हणजे आज सोबत आणलं असावं. मी बघितलं, त्यानं मी बघितलेलं बघितलं. 

२५ ऑगस्ट

ताप उतरला. आज आमटी-भात मागून खाल्ला. मी कपाटातनं माझं इष्टलिंग काढलं, पुसलं, परत ठेवलं. गळ्यात घालायचं धाडस झालं नाही. आत्ता घातलं तर ते अव्वांना दाखवायला घातल्यासारखं होईल.

२ सप्टेंबर

हे आजचं नीट लिहून ठेवते.

सकाळी अव्वांची पूजा झाली. दार उघडं होतं. आज बराच वेळ बसल्या होत्या. अनू समोर, गप्प. उठल्यावर मला हाक मारली, गॅलरीत खुर्चीत बसल्या. शेंगा फोडत होत्या, मी पण बसले.

म्हणाल्या, "आज जरा बोलल्यागत वाटलं त्याच्यासंगट."

"नव्याशी?"

"व्हय." मग थोड्या वेळानं, "पंचगंगा पुढं कृष्णंला मिळती न्हवं?"

"हो, दत्ताच्या वाडीजवळ."

"आणि कृष्णा आमच्या गावाच्या कडंनं जाती. अथणीकडं. तिथल्याच घाटावर माझी आई धुणं धुवायची. तिथल्याच अय्यांनी बांधलं हुतं ते माझ्या गळ्यात." शेंगांची टरफलं बाजूला सारली. "त्या दिवशी पाणी लई हुतं म्हणाला न्हवं शिवा? मग गेलं असंल की तिथवर. मी तापात पडून त्योच इचार करत हुतो. गेलं असंल घरला."

मी टरफलं गोळा करत राहिले. 

"बरं झालं त्याच्याच हातनं सोडलं. त्याच्याच हातनं फुटलं, त्याच्याच हातनं घरला गेलं. फिटलं आता पोराचं. माझ्या मनावर लई ओझं हुतं गं, मी मेल्यावर कुणी बघंल नि इचारंल." हसल्या. पोस्ट टाकल्यापासून पहिल्यांदा हसल्या त्या माझ्याकडं बघून. "तू फोटो काढलीस म्हणून झालं हे. न्हायतर तसंच ऱ्हायलं असतं."

मला माफ केलं त्यांनी, आणि ज्यासाठी केलं ते घडलेलंच नाही.

"गेलं असंल न्हवं गं तिथवर?" पुन्हा विचारलं. उत्तर हवंच होतं त्यांना.

"गेलं असेल, अव्वा," मी म्हणाले.

शि. संध्याकाळी आला. अव्वांनी त्याला जवळ बसवून डोक्यावरनं हात फिरवला, नुसताच, काही न सांगता. तो माझ्याकडं बघत राहिला, काय झालं म्हणून. त्याच्या खिशात काही आहे का, मला कळलं नाही. हे त्याला सांगायचं तर उद्या त्याला खरोखर घाटावर जावं लागेल, आणि त्याचा हात सुटणार नाही हे मला माहीत आहे. नाही सांगायचं, तर अव्वा जातील तेव्हा तो ते कापड उघडेल, आणि त्यांच्या मते घरी पोचलेलं ते लिंग सगळ्यांसमोर त्यांच्या हातात ठेवेल. मी त्याला जेवायला वाढलं. तो म्हणाला, आमटीत मीठ कमी आहे. मी मीठ दिलं.